एका बाथरूमच्या ड्रेनेजची आखणी: व्हेंट कुठं लागतो, कुठं नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर नवं बाथरूम करायचंय. कमोडच्या मागच्या कोपऱ्यातून जुना ११० मिमीचा उभा पाईप जातो आणि कमोड त्यापासून जेमतेम ६० सेंटिमीटरवर येतो. शॉवर साधारण दीड मीटरवर. बेसिन दाराशेजारी, म्हणजे पाईपच्या वाटेनं मोजलं तर ३ मीटर. प्लंबर म्हणतो कमोडला ११० चा पाईप, बाकी दोघांना ५० चा, सगळं फरशीखालून उभ्या पाईपला जोडू, आणि एका बाथरूमसाठी व्हेंट, म्हणजे निचऱ्याच्या पाईपला बाहेरची हवा देणारा पाईप, कुणी लावत नाही. व्हेंट खरंच लागतो का, लागला तर किती व्यासाचा आणि कुठून काढायचा, हे तुम्हाला हवंय.

कमोडला वेगळा व्हेंट लागत नाही. शॉवरलाही नाही. बेसिन आहे तिथंच राहणार असेल तर त्याला लागतो; नाहीतर त्याचं पाणी शॉवरच्या नहाणी ट्रॅपमध्ये (फरशीतल्या जाळीखालचा ट्रॅप) सोडा, मग त्याचीही गरज उरत नाही. मात्र हे सगळं तो जुना उभा पाईप छताच्या वर आकाशात उघडा आहे, असं धरून. तो पोटमाळ्यात किंवा शाफ्टमध्येच संपत असेल, किंवा वास येतो म्हणून कुणी त्याच्या तोंडावर टोपण चिकटवलं असेल, तर माझं वरचं उत्तर रद्द. आधी वर जाऊन बघा. खालून भिंतीकडं बघून अंदाज करू नका. मधेच कापून सोडून दिलेले पाईप बरेच सापडतात.

तुमचा प्लंबर पाईपच्या व्यासात चुकलेला नाही. तो पाण्याचा हिशेब नीट करतोय, हवेचा करत नाहीये.

सील म्हणजे नक्की किती पाणी

ट्रॅप म्हणजे निचऱ्याच्या तोंडाशी असलेला वाकवलेला भाग. प्रत्येक ट्रॅपच्या बाकात पाणी उभं असतं, तोच सील. त्याची खोली साधारण ५० मिमी. गटारातला वायू आणि तुमची खोली यांच्यात तेवढाच अडसर. त्या वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो, मिथेन असतो. वास हा त्यातला सौम्य भाग. ५० मिमी पाण्याचा दाब म्हणजे सुमारे ५०० पास्कल. तोंडानं जोरात फुंकलं तरी याहून जास्त दाब तयार होतो. म्हणून पाईपमधल्या हवेचा दाब अधिक-उणे २५ ते ३८ मिमी पाण्याच्या आत राखायचा, या हिशेबानं ड्रेनेजचे नियम बांधलेले आहेत. उतार किती, ट्रॅपपासून व्हेंट किती लांब, उभ्या पाईपला कुठं जोडायचं, हे नियम वेगवेगळे पाठ करावे लागतात असं वाटतं, पण त्यातला बहुतेक भाग ते ५० मिमी पाणी जागच्या जागी ठेवण्यासाठीच आहे.

हे पाणी जायचे मार्ग मोजके आहेत. पहिला, ट्रॅपचं स्वतःचंच पाणी जाताना सायफन लागून, म्हणजे भरून वाहणाऱ्या पाण्याच्या ओढीनं, मागचं सगळं ओढून नेतं. बेसिन काठोकाठ भरून एकदम सोडलं की शेवटी जो घर्र आवाज येतो, तो हाच. दुसरा, शेजारून किंवा वरून भसकन पाणी जातं, त्याच्या मागं हवा कमी पडते आणि ती तुमच्या ट्रॅपमधून खेचली जाते. तिसरा याच्या उलट: उभ्या पाईपच्या तळाशी पाणी आडवं वळताना अडखळतं, वरून येणारी हवा कोंडते आणि जवळच्या ट्रॅपमधून बुडबुडे वर येतात. चौथा म्हणजे नुसतं वाळणं.

वाळण्याबद्दल एक गोष्ट उपयोगी पडेल. आखणी करताना आठवड्याला सुमारे २.५ मिमी पाणी उडतं असं धरतात. कोरड्या उष्ण हवेत याहून लवकर उडेल, तरीही ५० मिमीचा पूर्ण सील आठवड्याभराच्या गैरहजेरीत कोरडा पडत नाही. चार दिवस घर बंद ठेवून परत आल्यावर बाथरूममध्ये वास भरलेला असेल, तर वाळण्याला दोष देऊ नका. एकतर ट्रॅप उथळ आहे, नाहीतर जातानाच्या शेवटच्या आंघोळीनं किंवा फ्लशनं सील आधीच ओढला गेला होता.

बंद डब्याला एकच भोक पाडलं तर आतलं पाणी डचमळत, थांबत थांबत येतं. पाठीमागं दुसरं भोक पाडलं की धार लागते. व्हेंट म्हणजे ते दुसरं भोक. तुम्ही ते दिलं नाहीत तर पाईप हवा कुठून ना कुठून घेतोच, आणि सगळ्यात सोपी जागा म्हणजे जवळच्या ट्रॅपमधलं पाणी.

बेसिनचे ३ मीटर कुठं अडतात

आडव्या पाईपला मीटरला २० मिमी उतार धरू. ५० ते ११० मिमीच्या घरगुती पाईपला हा चांगला बसतो. आता बेसिनचा ट्रॅप ते व्हेंट, किंवा ट्रॅप ते उघडा उभा पाईप, या लांबीत एकूण उतार पाईपच्या व्यासाहून जास्त व्हायला नको. झाला तर व्हेंटचं तोंड ट्रॅपमधल्या पाण्याच्या पातळीखाली जातं, पाईप भरून वाहिला की सलग सायफन तयार होतो आणि हवा आत येईपर्यंत ट्रॅप रिकामा झालेला असतो. ४० मिमी पाईपला ही मर्यादा ४० भागिले २०, म्हणजे २ मीटर. ५० मिमीला अडीच मीटर. तुमचं अंतर ३. म्हणून बेसिन अडतं. शॉवर ५० मिमीच्या पाईपनं दीड मीटरवर असल्यानं उतार ३० मिमी होतो, तो सुटतो.

यावर नियमावल्यांचं एकमत नाही, आणि तेही समजून घेण्यासारखं आहे. अमेरिकेतला इंटरनॅशनल प्लंबिंग कोड ४० मिमीच्या जवळपासच्या पाईपला ६ फूट आणि ५० च्या पाईपला ८ फूट देतो, म्हणजे वरच्या गणिताच्या जवळ. तिथलाच युनिफॉर्म प्लंबिंग कोड अनुक्रमे साडेतीन आणि ५ फुटांवर थांबतो. ब्रिटनमध्ये बेसिनच्या ४० मिमी पाईपला ३ मीटर चालतात, पण तिथं बेसिनच्या ट्रॅपला ७५ मिमी सील मागतात. ओढीत थोडं पाणी गेलं तरी पुरेसं उरतं. तुमच्याकडं जी नियमावली लागू आहे तिचा आकडा पाळा. आकडा हाताशी नसेल तर व्यासाचा नियम लावा, तो तुम्हाला धोक्यात घालणार नाही.

आणि म्हणून उतार वाढवणं हा उपाय नाही. प्लंबर म्हणेल, बेसिनचा पाईप जरा तिरका टाकू, पाणी लवकर जाईल. मीटरला ४० मिमी उतार दिलात की ४० च्या पाईपची मर्यादा २ मीटरवरून १ मीटरवर येते. लांब पडलेल्या बेसिनला जास्त उतार म्हणजे सायफनला आमंत्रण.

कमोडचं प्रकरण निराळं आहे. बरेच कमोड सायफननंच रिकामे होतात आणि टाकीतलं उरलेलं पाणी कमोडचा सील पुन्हा भरतं. त्यामुळं त्याला ट्रॅपपासूनच्या अंतराची ती मर्यादा तशी लागत नाही. ब्रिटनच्या नियमांत एकट्या कमोडला उघड्या उभ्या पाईपपर्यंत ६ मीटरची फांदी, म्हणजे त्याला येऊन मिळणारा आडवा पाईप, चालते. तुमचे ६० सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही. कमोड जवळ घेतलात ही तुमच्या आराखड्यातली सर्वांत चांगली गोष्ट आहे. आखणी नेहमी तिथूनच सुरू करावी: ज्याचा पाईप सर्वांत मोठा, ते उभ्या पाईपच्या सर्वांत जवळ.

बेसिनसाठी मार्ग

माझा पहिला पर्याय नहाणी ट्रॅपचा. बेसिनचा ४० मिमी पाईप शॉवरच्या नहाणी ट्रॅपला आणा. तो ट्रॅपच्या जाळीखाली पण उभ्या पाण्याच्या पातळीच्या वर उघडला पाहिजे. मग जाळीतून त्या पाईपला हवा मिळते आणि बेसिनचं अंतर तिथंच संपतं. ट्रॅपमधून निघणारा पाईप मात्र आता ५० नको, ७५ घ्या. दोन ठिकाणचं पाणी एकत्र येतंय आणि केसांचा गाळही तिथंच जमणार. या पद्धतीचा मला सगळ्यात आवडणारा फायदा वेगळाच आहे: बेसिन दिवसभर वापरलं जातं, त्यामुळं नहाणी ट्रॅपचा सील आपोआप भरलेला राहतो. शॉवर महिनाभर कुणी वापरला नाही तरी वास नाही. बेसिनखालचा बॉटल ट्रॅप मात्र काढून टाकू नका. मधल्या पाईपला साबणाचा थर बसतो, त्याला स्वतःचा वास असतो, आणि किडेही त्याच वाटेनं वर येतात.

यात दोन अटी. ट्रॅप खोल आणि मोठ्या पोटाचा हवा, नाहीतर भरलेलं बेसिन सोडल्यावर जाळीतून पाणी वर उसळेल. आणि काही नियमावल्यांत बेसिनला स्वतःचा ट्रॅप आणि व्हेंट असलाच पाहिजे असं असतं, तिथं हा मार्ग बंद.

दुसरा पर्याय, बेसिनला खरा व्हेंट. इथं एक गैरसमज फार आहे. अंतर मोजायचं ते ट्रॅपपासून व्हेंटपर्यंत, ट्रॅपपासून उभ्या पाईपपर्यंत नाही. बेसिनमागच्या भिंतीत, ट्रॅपच्या आडव्या नळीच्या उंचीवर एक टी (तीन तोंडांचा काटकोनी जोड) बसवा. खाली ५० चा निचऱ्याचा पाईप, वर ४० चा व्हेंट. आता ट्रॅप ते व्हेंट अंतर वीतभरसुद्धा नाही. टीपासून खाली उतरून फरशीखालून पाईप ३ मीटर गेला काय आणि ५ मीटर गेला काय, सीलला फरक पडत नाही. फक्त टी ट्रॅपला अगदी चिकटवू नका, पाईपच्या व्यासाच्या दुप्पट तरी अंतर ठेवा. बाकाच्या माथ्यावरच व्हेंट आला तर साबण-केस त्यात उडतात आणि तो बुजतो.

व्हेंट वर नेताना तो बेसिनच्या काठाच्या किमान १५० मिमी वर जाईपर्यंत आडवा वळवायचा नाही. कारण असं: खाली पाईप तुंबला की पाणी व्हेंटमध्ये चढतं. व्हेंट काठाच्या खाली आडवा असेल तर ते पाणी त्यातून गुपचूप दुसरीकडं निघून जाईल, बेसिन वाहतंय असंच वाटेल, आणि घाण आडव्या व्हेंटमध्ये वाळून बसेल. काही महिन्यांनी व्हेंट असूनही नसल्यासारखा. आडव्या व्हेंटलाही निचऱ्याकडं थोडा ढाळ द्या, आत साठणारा दमटपणा परत गळून गेला पाहिजे. तो शेवटी उभ्या पाईपला जोडायचा तर बाथरूममधल्या सगळ्या साधनांच्या वर जोडा. व्यासाचा ढोबळ नियम: निचऱ्याच्या पाईपच्या निम्मा, आणि ३२ मिमीपेक्षा कमी कधीच नाही. मी ४० खाली जात नाही, वाचतं तरी काय त्यात.

हा पर्याय घेतलात तर शॉवरही बेसिनच्याच ५० च्या पाईपला वाटेत जोडता येतो. बेसिनचं पाणी इतकं कमी असतं की त्या पाईपचा वरचा भाग हवेसाठी मोकळा राहतो, आणि तोच शॉवरचा व्हेंट होतो. शॉवरच्या ट्रॅपपासून त्या जोडापर्यंत अंतराचा नियम पाळायचा, आणि कमोड या ओळीत सर्वांत शेवटी, प्रवाहाच्या खालच्या अंगाला. कमोडच्या खाली बेसिन किंवा शॉवर जोडला तर प्रत्येक फ्लशला तिकडचा सील ओढला जाईल.

तिसरा पर्याय हवा आत घेणाऱ्या झडपेचा. पाईपमध्ये ओढ निर्माण झाली की ती उघडते, ओढ संपली की वजनानं बंद होते. जुन्या घरात छत फोडणं अशक्य असेल तेव्हा मी वापरतो, एरवी टाळतो. ती हवा आत घेते पण कोंडलेली हवा बाहेर सोडत नाही, म्हणून घरात निदान एक व्हेंट आकाशात उघडा लागतोच. हलता भाग असल्यानं कधीतरी बिघडणार, तेव्हा हात पोचेल अशा जागी, ट्रॅपच्या नळीच्या किमान १०० मिमी वर बसवायची. टाइलमागं गाडलेली झडप म्हणजे पुढच्या मालकासाठी लपवलेला वास.

तुमच्या खोलीत जमिनीवर पाणी पडणारच आहे, नहाणी ट्रॅप असणारच आहे, म्हणून मी पहिला पर्याय घेईन.

आधी उंची, मग नकाशा

लोक वरून दिसणारा नकाशा घेऊन येतात. कमोड इथं, बेसिन तिथं. खरी अडचण उभ्या छेदात असते. फरशीच्या वरच्या पातळीपासून खाली मोजत या: टाइल आणि तिच्याखालचा मसाला ५० मिमी, मग ट्रॅपची उंची, मग निघणाऱ्या पाईपचा व्यास, उतारात जाणारे मिलिमीटर, पाईपखालचा थर. नहाणी ट्रॅप ते उभा पाईप दीड मीटर, म्हणजे उतार ३० मिमी. फरशीचा स्वतःचा ढाळ वेगळा, मीटरला १० मिमीच्या आसपास. हे सगळं मिळून २५० ते ३०० मिमीच्या खाली क्वचितच येतं.

स्लॅब तेवढा खाली दाबलेला नसेल तर पाईप स्लॅबच्या खालून, खालच्या खोलीच्या छताला लटकत न्यावा लागतो. दिसायला वाईट, दुरुस्तीला उत्तम. हे दोन्ही नको म्हणून मग काय होतं, तर साइटवर कुणीतरी उथळ ट्रॅप आणतं. २० किंवा २५ मिमी सील असलेला. उंची जमते, फरशी होते, आणि पहिल्याच उन्हाळ्यात वास सुरू होतो. मी वासाच्या तक्रारीसाठी गेलो की आधी जाळी उचलून ट्रॅपमध्ये पट्टी घालतो. बऱ्याचदा उत्तर तिथंच मिळतं. ५० मिमीच्या खाली तडजोड करू नका. त्यापेक्षा बाथरूमच्या फरशीला एक पायरी वर घ्या.

उताराबद्दल एक पाठ केलेलं वाक्य तुम्ही ऐकाल, की ढाळ जास्त झाला तर पाणी पळून जातं आणि मैला मागं राहतो. कमोडच्या ६० सेंटिमीटरच्या फांदीत याची भीती बाळगू नका. तुंबण्याची कारणं मला जवळजवळ नेहमी दुसरीच सापडतात: मधेच सपाट झालेला तुकडा, पाईपखाली नीट थर नसल्यानं बसलेलं पोट, किंवा उलटा ढाळ. म्हणून ढाळ डोळ्यानं नको. प्रत्येक तुकड्यावर पाणसळ ठेवा, लांब ओळीत दोरी बांधा. आणि कमोडला ११० पुरे. ‘मोठा टाका, तुंबणार नाही’ म्हणून १६० टाकला तर ६ लिटरच्या फ्लशचं पाणी त्यात पातळ पसरतं आणि मैला उचलतच नाही.

कमोड मात्र पाईप टाकण्याआधी पसंत करून ठेवा. जमिनीतून निचरा होणाऱ्या कमोडच्या पाईपचा मध्य मागच्या भिंतीपासून ३०५ मिमीवर हवा की त्याहून कमी, हे मॉडेलवर ठरतं. ही भिंत म्हणजे टाइल लावून झालेली भिंत. उघड्या विटेपासून मोजलं आणि वर प्लास्टर-टाइलचे ३० मिमी चढले की टाकी भिंतीला घासते. बाजूच्या भिंतीपासून कमोडचा मध्य किमान ३८० मिमी ठेवा, नाहीतर कोपर लागत राहतं.

जोड कुठं आणि कसे

उभ्या पाईपमधून पाणी भरून पडत नाही. ते पाईपच्या आतल्या भिंतीला चिकटून, कड्यासारखं उतरतं आणि मधल्या पोकळीतून हवा खाली ओढत नेतं. पाईपचा चौथा ते तिसरा हिस्सा पाणी, बाकी हवा, अशी अपेक्षा असते. म्हणून उभा पाईप छतापर्यंत पूर्ण ११० मिमीनंच न्यायचा, वर जाऊन ५० चा करायचा नाही. तुमचं बाथरूम सर्वांत वर आहे, तुमच्या जोडावरून कुणाचं पाणी पडत नाही, हे तुमचं नशीब. वर आणखी मजला असता तर शेजाऱ्याच्या फ्लशची ओढ धरून मी व्हेंटच्या बाबतीत याहून कडक राहिलो असतो. पुढं वर मजला चढवायचा विचार असेल तर आत्ताच सांगा प्लंबरला.

कमोडची फांदी आणि नहाणीचा ७५ चा पाईप उभ्या पाईपला एकाच उंचीवर समोरासमोर जोडू नका. फ्लश थेट समोरच्या तोंडात घुसतो. ११० च्या पाईपवर समोरून यायचं असेल तर लहान फांदी कमोडच्या जोडाच्या वर घ्या किंवा २०० मिमी खाली. तुमच्याकडं तेवढी उंची नसणार, तेव्हा ती काटकोनातल्या बाजूनं आणा. आडव्याला आडवा पाईप जोडताना वाय (तिरक्या फांदीचा जोड) वापरा, सरळ टी नाही. उभ्या पाईपच्या तळाशी एकच टोकदार काटकोनी बेंड असेल तर तो बदलण्यासारखा आहे. ४५ अंशांचे दोन बेंड लावा. त्या तळाजवळच तळमजल्याचं बाथरूम जोडलेलं असेल तर त्याचा जोड गटाराच्या पाईपच्या तळापासून किमान ४५० मिमी वर आहे ना बघा. नसेल तर ते वेगळ्या पाईपनं चेंबरला न्या, नाहीतर तुमच्या नव्या बाथरूमचा प्रत्येक फ्लश खालच्यांना बुडबुड्यांतून कळेल.

छताच्या वर व्हेंटचं तोंड ३ मीटरच्या आत असलेल्या कुठल्याही खिडकीच्या वरच्या कडेपेक्षा ९०० मिमी उंच हवं. गच्चीवर माणसं बसत असतील तर डोक्याच्या वर, २ मीटरपर्यंत न्या. तोंडावर पक्षी अडतील एवढी मोठ्या भोकांची जाळी पुरे. डासांची बारीक जाळी लावलीत तर धूळ आणि कोळ्यांची जाळी मिळून ती कधी बंद होते कळतही नाही.

साफसफाईसाठी उभ्या पाईपच्या तळाशी आणि प्रत्येक मोठ्या वळणावर झाकणाचा जोड ठेवा. झाकणासमोर तुंबलेलं काढायची स्प्रिंग घालायला जागा हवी, कपाट नको.

फरशी बुजवण्याआधी

सगळी तोंडं बंद करून पाईपमध्ये ३ मीटर उंचीचं पाणी भरा आणि १५ मिनिटं पातळी बघा. तेवढी उंची मिळत नसेल तर मिळेल तितकी भरा, पण जोड सगळे पाण्याखाली गेले पाहिजेत. कंप्रेसरची हवा प्लास्टिकच्या पाईपमध्ये भरू नका. जोड सुटला किंवा पाईप फुटला तर तुकडे उडतात. रबर रिंगचे जोड असतील तर पाईप तळापर्यंत ठोकून न बसवता १० मिमी मागं घ्या. ३ मीटरचा पीव्हीसी पाईप ३० अंश तापमान-फरकानं ६ मिमीच्या आसपास वाढतो, त्याला जागा लागते. मग टेप पाईपशेजारी धरून फोटो काढा, भिंतीपासूनची अंतरं वाचता येतील असे.

दुसरी तपासणी सगळं बसवून झाल्यावर, आणि ती कुणी करत नाही. बेसिन काठोकाठ भरा. शॉवर चालू ठेवा. एकाच वेळी बेसिनचं बूच काढा आणि कमोड फ्लश करा. पाणी शांत झालं की शॉवर बंद करा, आणि नव्यानं एक थेंबही पडू न देता नहाणी ट्रॅपमध्ये पट्टी घालून उरलेला सील मोजा. असं लागोपाठ ३ वेळा, मधे ट्रॅप पूर्ण भरून. २५ मिमीच्या वर राहिला तर ठीक. बेसिनचा बॉटल ट्रॅप उघडून तसाच बघता येतो, खाली बादली ठेवा. फ्लश केल्यावर नहाणीतून गुडगुड आली तर हवा कमोडच्या फांदीला कमी पडतेय. बेसिन रिकामं होताना त्याचाच आवाज आला तर दोष बेसिनच्या पाईपचा. पाणी नुसतंच हळू उतरत असेल आणि आवाज काही नसेल तर ते बहुधा तुंबणं आहे, व्हेंटशी त्याचा संबंध नाही.

तुम्ही शेवटी विचारलंय की खालच्या झोपण्याच्या खोलीत फ्लशचा आवाज जाईल का. जाईल, प्लास्टिकचा पाईप आवाज अडवत नाही. तो पाईप खोलीच्या छतात येत असेल तर जाड भिंतीचा घ्या, क्लॅम्पमध्ये रबर घाला, आणि स्लॅबमधून जाताना त्याला मोठ्या व्यासाची स्लीव्ह द्या, म्हणजे पाईप काँक्रीटला थेट टेकणार नाही. स्लीव्हसाठी भोक पाडताना बीम कापायचा नाही. त्यासाठी कमोड १५ सेंटिमीटर सरकवावा लागला तर सरकवा.